जुन्या निगेटिव्ह वळून कडक झाल्या आहेत, सरळ कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या क्लिक-थ्री कॅमेऱ्याचे कृष्णधवल रोल सापडलेत, उलगडून सोडले की पुन्हा गुंडाळले जातात, तर हलकी इस्त्री फिरवली तर चालेल का. इस्त्री नको. हेअर ड्रायर आणि ऊनही नको. चित्र ज्या जिलेटिनच्या थरात असतं तो सुकून आकसला की फिल्म त्या बाजूला वळते. उष्णतेने तो आणखीच सुकेल.

सगळ्यात आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया (ज्या प्लास्टिकवर जिलेटिनचा थर असतो ते) विघटित होऊ लागलाय, आणि त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या रोलनाही लागते. असे रोल वेगळे काढा, सरळ करत बसू नका, जमेल तसे स्कॅन करून घ्या. पाया आकसून पडलेल्या सुरकुत्या वजनाखाली जात नाहीत. नायट्रेटच्या ज्वालाग्राही फिल्मची धास्ती मात्र बहुधा नको. कोडॅकने ती १९५१ च्या सुमारास बंद केली, तुमचा कॅमेरा त्यानंतरचा.

वास नसेल तर वळण कुठल्या दिशेला आहे ते बघा. लांबीच्या दिशेने, म्हणजे नुसती गुंडाळीची सवय असेल, तर दोन फोटोंच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर कापून तीन-चार फोटोंचे तुकडे करा, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला आणि वर जाड पुस्तकं ठेवून काही आठवडे विसरून जा. कंटाळवाणं आहे, पण यापेक्षा सुरक्षित काही मला माहीत नाही.

रुंदीच्या दिशेने पन्हळासारखी वळलेली फिल्म जास्त हट्टी असते. ती दाबली तर तडकते, म्हणून आधी थोडी ओल द्यावी लागते. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर उंच जाळी, जाळीवर सैल सोडलेली फिल्म. पाण्याचा थेंब तिला लागता कामा नये. काही तासांनी हाताला मऊ लागली की बाहेर काढा आणि कोऱ्या टीपकागदात ठेवून वजन द्या. हाताला ओलसर लागत असताना दाबलीत तर जिलेटिन कागदाला चिकटेल. डबा दिवसेंदिवस बंद ठेवू नका, बुरशी धरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा डबा लागतच नाही, हवाच पुरेशी दमट असते!

बुरशीचे ठिपके किंवा जाळं आधीच दिसत असेल तर पाण्याने अजिबात धुवू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, फोटोसकट.

खरं सांगायचं तर आरशासारखी सपाट फिल्म हवीच कशाला? स्कॅनरच्या काचेवर निस्तेज, म्हणजे जिलेटिनची बाजू खाली ठेवा (चकचकीत बाजू काचेला टेकली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात), वरून स्वच्छ अँटी-न्यूटन काच (अशी वर्तुळं उमटू न देणारी, किंचित खरबरीत काच) ठेवून दाबा आणि आलेलं चित्र नंतर आडवं उलटवा. बोटं कडांनाच लावा.

ठेवताना पीव्हीसीची पाकिटं टाळा, ती काही वर्षांनी चिकट होतात. डांबराच्या गोळ्याही नकोत. हवाबंद डब्यात सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, आणि काटा ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून, गार करून पुन्हा वापरता येतं. खिडकी उघडी ठेवून परता आणि तो तवा पुन्हा पोळ्यांना घेऊ नका.