वाचक विचारतात : गर्भाशयाच्या अस्तराचा ताठपणा कसा मोजावा?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी शेळीच्या गर्भाशयाच्या अस्तराचा ताठपणा मोजायचा आहे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर (सूक्ष्म टोकाने दाबून ताठपणा मोजणारे उपकरण) एक दिवस मिळाला आहे. गावातल्या खाटकाकडून नमुना घेऊन फॉर्मॅलिनमधून नेला तर चालेल का? – एक विद्यार्थिनी, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : फॉर्मॅलिन अजिबात नको. त्याने प्रथिनांचे धागे एकमेकांना जखडले जातात आणि अस्तर मूळच्यापेक्षा कितीतरी ताठ होते. साधे पाणीही नको, पेशी फुगतात. ४ अंशांवर थंड केलेले फॉस्फेट बफर सलाइन (पेशींना मानवणारे खारे द्रावण) सोबत ठेवा.

खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की गर्भाशय दोन्ही बीजांडकोशांसकट हवे. शेळीचे माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते आणि त्याबरोबर अस्तरही बदलते. बीजांडकोशावर मोठा पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) दिसला, तर माज होऊन काही दिवस उलटले आहेत असे समजा. ही नोंद नसेल तर दोन शेळ्यांची तुलनाच करता येत नाही. आत गर्भ किंवा पू आढळला तर तो नमुना सोडून द्या.

गर्भाशय उभे चिरल्यावर आत गोल उंचवट्यांच्या रांगा दिसतील. त्यांना करंकल म्हणतात. त्यांत ग्रंथी नसतात, मधल्या सपाट भागात असतात. म्हणून दोन्हींचे ५ मिलिमीटरचे तुकडे वेगवेगळ्या नळ्यांत घ्या. रक्त कापसाने पुसू नका, वरचा पेशींचा थर निघून येतो. नुसते सलाइन ओता.

मे महिन्यात एस.टी.ने जायचे तर नळ्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या थर्मासात ठेवा. नळी बर्फाला थेट टेकली आणि तुकडा कडेने गोठला, तर पेशी फुटतात आणि त्या भागातले आकडे निरुपयोगी होतात. मोजमाप त्याच दिवशी उरका.

काप व्हायब्रेटोमवर (थरथरत्या पात्याने ताज्या तुकड्याचे काप काढणारे यंत्र) ३०० मायक्रोमीटरचा घ्या. त्याआधी तुकडा ४ टक्के लो-मेल्टिंग अ‍ॅगरोजमध्ये (कमी तापमानाला वितळणारी जेली) बसवा. अ‍ॅगरोज ३७ ते ४० अंशांवर आल्यावरच ओता, त्याहून गरम ओतले तर अस्तर भाजते. काप डिशला चिकटवताना सायनोअ‍ॅक्रिलेटचा (झटपट चिकटणारा गोंद) अगदी बारीक थेंब पुरे. जास्त झाला की तो कडेने वर चढतो आणि ती कड दगडासारखी कडक लागते. १० मायक्रोमीटरचा गोठवलेला काप सोयीचा वाटतो, पण पातळ सतरंजीवर बोट दाबले की खालची फरशी लागते, तसा तिथे काचेचाच ताठपणा मोजला जातो. दाब, म्हणजे टोक कापात किती खोल रुतते ते, कापाच्या जाडीच्या १० टक्क्यांच्या आतच ठेवा.

प्रश्न : एकाच कापावर ताठपणा कधी २०० पास्कल (ताठपणाचे एकक) येतो, कधी ३०००. उपकरण बिघडले आहे का? – एक प्राध्यापक, पुसद

उत्तर : बहुधा नाही. आधी टोक पाहा. टोकदार पिरॅमिड एखाद्या धाग्यावर किंवा एकाच पेशीवर पडतो, त्यामुळे आकडे विखुरतात. १० मायक्रोमीटर व्यासाचा गोल मणी लावलेला कॅन्टिलिव्हर (टोक धरणारी, दाबल्यावर वाकणारी बारीक पट्टी) घ्या. कॅन्टिलिव्हर मऊच हवा. हर्ट्झच्या सूत्राने (गोल वस्तू मऊ पृष्ठभागात रुतताना लागणारे बल काढणारे सूत्र) पाहा: अस्तर ३०० पास्कलचे, पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर वस्तू बाजूला किती फुगते त्याचे माप) ०.५ आणि दाब २ मायक्रोमीटर धरला, तर बल जेमतेम ३.४ नॅनोन्यूटन येते. प्रति मीटर ०.०३ न्यूटनचा कॅन्टिलिव्हर त्याने सुमारे ११० नॅनोमीटर वाकतो, तो बदल स्वच्छ दिसतो. प्रति मीटर १ न्यूटनचा कॅन्टिलिव्हर ३-४ नॅनोमीटरच वाकेल आणि ते वाकणे थरथरीत हरवेल.

दुसरा संशय चिकट स्रावावर घ्या. तो मण्याला चिकटला की स्पर्शबिंदू अलीकडेच धरला जातो आणि अस्तर आहे त्यापेक्षा मऊ भासते. सुरुवातीला काचेवर, त्याच द्रवात, कॅन्टिलिव्हरची संवेदनशीलता (किती वाकल्यावर किती संकेत मिळतो ते) तपासता ना? शेवटीही तपासा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर मधले आकडे बाद करा. मणी खाली आणण्याचा वेग सगळीकडे एकच ठेवा, कारण वेग वाढवला की अस्तर ताठ भासते.

एवढे करूनही फरक राहिला, तर तो अस्तराचाच असू शकतो. मोजलेल्या जागा नोंदवून ठेवा, नंतर कापाला रंग द्या आणि कुठे ग्रंथी होती, कुठे रक्तवाहिनी होती ते ताडून पाहा. ३ शेळ्यांवरचे १५०० बिंदू म्हणजे १५०० नमुने नव्हेत, नमुने ३च. प्रबंधात हीच चूक सर्वांत जास्त होते.

प्रश्न : आमच्याकडच्या एका ताईंच्या सोनोग्राफीत अस्तर ५ मिलिमीटर आले. म्हणजे ते कडक आहे का? तुम्ही लिहिता ती तपासणी करून घ्यावी का? – एक आशाताई, धारणी (मेळघाट)

उत्तर : नाही, ताई. सोनोग्राफीत दिसली ती जाडी, तिच्यावरून ताठपणा कळत नाही. माणसाचे गर्भ नसतानाचे अस्तर काही शे पास्कलचे असते, गर्भ रुजलेल्या जागी ते हजाराच्या पुढे जाते. पण हे आकडे काढलेल्या तुकड्यांवर, संशोधनासाठी मोजलेले आहेत. त्यांवरून उपचार ठरत नाहीत, त्यामुळे या तपासणीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते विचारा. पाळी नुकतीच संपली असेल तर ५ मिलिमीटर स्वाभाविक आहे. पाळीचा मध्य उलटून गेल्यावरही तेवढेच असेल, तर तारखांची नोंद आणि रिपोर्ट घेऊन त्यांना उपजिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.