बिग बझार गेलं कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. आई अजूनही "बिग बझारात जाऊन येते" म्हणूनच निघते, बोर्ड तर कधीचा रिलायन्सच्या स्मार्ट बझारचा झालाय. तिथली जुनी पिशवीसुद्धा ती टाकू देत नाही. मॉलमध्ये दर दोन-तीन वर्षांनी दुकानं बदलतात, आणि मंगळबाजारात आजोबांच्या वेळची दुकानं अजून आहेत. असं का होतं?

उत्तर : आईंचं काही चुकत नाही, माझ्याही तोंडात तेच नाव येतं. बिग बझार 2001 मध्ये सुरू झालं, किशोर बियाणींच्या फ्यूचर ग्रुपचं, सेंट्रल नावाची मोठी कपड्यांची दुकानं पण त्यांचीच. मग कर्ज वाढलं, त्यात कोरोना आला, ऑगस्ट 2020 मध्ये रिलायन्सला 24,713 कोटींना धंदा विकायचं ठरलं तर फ्यूचरमध्ये आधीच पैसे गुंतवलेल्या ॲमेझॉनने कोर्टकज्जे सुरू केले, आणि इकडे दुकानांची भाडी थकत गेली. बऱ्याच जागांचे भाडेकरार तोवर रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले होते, 2022 च्या फेब्रुवारीत त्यांनी ताबा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये तो सौदा फिसकटला, पण जागा तर आधीच गेल्या होत्या ना!

तुमचं उत्तर या जागेतच आहे. मॉलमधला दुकानदार बहुतेक वेळा भाडेकरू असतो. ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला टक्का, जे जास्त होईल ते द्यायचं, असे करार असतात, वर एसी, लिफ्ट, साफसफाईचा मेंटेनन्स वेगळा. मोठ्या दुकानाला, म्हणजे अँकरला, चौरस फुटामागे कमी भाडं लावतात, कारण लोक त्याच्यासाठी येतात आणि जाता-येता बाजूच्या चपलांच्या, कानातल्यांच्या दुकानात शिरतात. अँकर उठला की ही वर्दळ आटते आणि जास्त दराने भाडं भरणारे छोटे आधी उठतात. कधी बघा, बोर्ड उतरवला की भिंतीवर जुन्या अक्षरांच्या जागी रंग वेगळा दिसतो, स्क्रूची भोकं तशीच, आणि थोड्याच दिवसांत वर "लवकरच येत आहे"चा फ्लेक्स. मला तिथे काम करणाऱ्या मुलींची आठवण येते, कुठे गेल्या असतील त्या.

जुन्या बाजारात बऱ्याच जणांची जागा स्वतःची, नाहीतर जुन्या भाड्याची, म्हणून एखादी दिवाळी मंदीत गेली तरी शटर उघडं राहतं.

आणि जागेचा उपयोग बदलणं आपल्या बडोद्याला नवीन नाही हं. न्यायमंदिर मुळात भाजी मार्केट म्हणून बांधायला घेतलं होतं, 1896 मध्ये उभं राहिलं आणि तिथे कोर्ट बसलं ते थेट 2018 पर्यंत. खंडेराव मार्केटमध्ये महापालिकेचं ऑफिस आहे आणि मागे भाजी, फुलं अजून मिळतात.

ती पिशवी मात्र खरंच टाकू नका. मोबाईलवर फोटो काढा, आणि आई तिथे पहिल्यांदा कोणाबरोबर गेल्या, काय आणलं ते विचारून लिहून ठेवा. न्यायमंदिराचे फोटो शेकड्याने मिळतील, मॉलमधल्या बंद झालेल्या दुकानाचा एक शोधून बघा.