वाचक विचारतात : गडग्यावरचं शेवाळ आणि त्यातले टार्डिग्रेड

मागच्या अंकात टार्डिग्रेडबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, की आठ पायांचा हा प्राणी बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरही नसतो, शेवाळात, दगडफुलात, वाळूत राहतो आणि पाऊस सरल्यावर घराजवळचं वाळलेलं शेवाळ भिजवून बघितलंत तर तुम्हालाही सापडू शकतो. त्यावर कोकणातून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलंय.

आमच्या शाळेभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावरचं शेवाळ मुलांनी भिजवलं आणि खरंच दोन टार्डिग्रेड मिळाले! नेटवरच्या फोटोंशी जुळवून बघितलं तर मिल्नेशियम टार्डिग्रेडम वाटतो. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर हेच नाव लिहू ना?
– एक शिक्षिका, गुहागर तालुका

बाई, आधी मुलांना शाबासकी द्या, आमच्याकडूनही. आता नावाचं. नुसतं ‘मिल्नेशियम’ लिहा, म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि तिथे थांबा, जात सांगणारा पुढचा शब्द लिहू नका. मिल्नेशियम टार्डिग्रेडम ही जात 1840 मध्ये द्वायेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिल्यांदा नोंदवली आणि त्यानंतर दीडशेपेक्षा जास्त वर्षं जगात कुठेही असा दिसणारा टार्डिग्रेड मिळाला की लोक सरळ तेच नाव लिहीत गेले, त्यामुळे नकाशावर ही जात सगळीकडेच आहे असं दिसायला लागलं. 2012 मध्ये तिचं वर्णन नव्याने, बारकाईने केलं गेलं, आणि मग लक्षात आलं की त्या एका नावाखाली कितीतरी वेगळ्या जाती गोळा झाल्यात, आणि जुन्या नोंदींपैकी नमुना जपून ठेवलेला नसेल तर ती नोंद नेमकी कुठल्या जातीची होती हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी एवढं अडून बसलोय. गुहागरच्या गडग्यावरचा प्राणी युरोपातल्या प्राण्यांवरून बनवलेल्या ओळख-तक्त्यात (एकेक लक्षण बघत नावापर्यंत नेणाऱ्या ‘की’मध्ये) टाकला की तो तक्ता त्याला जवळचं युरोपियन नाव देऊन मोकळा होतो, त्याचं खरं नाव अजून कुणी ठेवलेलंच नसलं तरी!

मिल्नेशियम तरी नक्की आहे का ते मात्र तुम्ही शाळेत बघू शकता. तोंडाभोवती सहा छोटे उंचवटे दिसायला हवेत, तोंडातून आत जाणारी नळी चांगली रुंद हवी आणि तिच्यामागच्या गोल घशात दांड्यांसारखे कण अजिबात नकोत. हा शिकारी आहे, रॉटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव, सूत्रकृमी आणि दुसरे टार्डिग्रेडसुद्धा खातो, त्यामुळे कधी कधी त्याच्या पोटात खाल्लेल्याचे कठीण भाग दिसतात, ते मुलांना नक्की दाखवा. घशात दांड्या दिसल्या तर मग मॅक्रोबायोटस, पॅरामॅक्रोबायोटस वगैरे मंडळी असतील, तिथे दांड्या दोन का तीन आणि त्यामागे एक बारीक ठिपका आहे का नाही हे मोजायचं. आणि पाठीवर चिलखतासारख्या पट्ट्या, रंग तांबूस-केशरी, प्रत्येक पायाला चार सुटी नखं असं काही दिसलं तर तो एकिनिस्कसच्या घरातला, म्हणजे पूर्ण वेगळा गट, त्याच्या अंगावरच्या केसांच्या जागासुद्धा टिपून ठेवा.

अजून एक, मॅक्रोबायोटससारख्यांमध्ये नुसता प्राणी बघून जात बहुतेक वेळा ठरतच नाही, अंडं लागतं. त्यांची अंडी मोकळी पडलेली असतात आणि त्यांच्यावर शंकू, उलटे पेले अशी नक्षी असते, जातीजातीत वेगळी. मिल्नेशियमची अंडी मात्र गुळगुळीत, टाकलेल्या कातीच्या आतच असतात. म्हणून त्याच शेवाळाच्या पाण्यात अंडी आहेत का ते पुन्हा बघा, पाणी ओतून देऊ नका. आणि तोंडात नळी दिसतच नाही असा प्राणी मिळाला तर घाबरू नका, कात टाकण्याच्या काळात ते तोंडातली सगळी यंत्रणाच टाकून देतात, त्या अवस्थेतला प्राणी ओळखायला घेऊ नये.

जातीपर्यंत जायचं तर फेज कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पारदर्शक जीवातले बारीक भाग ठळक दाखवणारा मायक्रोस्कोप, हजारपट मोठं दाखवणारी ऑइलची लेन्स, एका जागचे बरेच प्राणी आणि मोजमापं एवढं सगळं लागतं. मोजमापात प्रत्येक अवयव तोंडातल्या नळीच्या लांबीच्या किती टक्के आहे हे काढतात, कारण लहान-मोठ्या वयाचे प्राणी तसेच एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. हल्ली डीएनएही बघतात. हे शाळेत होणार नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात काँक्रीटच्या भिंतीवरच्या शेवाळात एक टार्डिग्रेड सापडला, अतिनील किरणं पडली की चमकणारा आणि त्या किरणांतून वाचणारा, 2020 मध्ये तो जगभर गाजला, पण शोधनिबंधात त्याचं नाव फक्त पॅरामॅक्रोबायोटस आणि पुढे बंगळूरची खूण एवढंच आहे, जात लिहिलेली नाही. एवढ्या मोठ्या संस्थेतली माणसं जीनसवर थांबली, तर आपणही बिनधास्त थांबावं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सावंतवाडी आणि कुडाळ भागातून शेवाळाचे नमुने गोळा करून टार्डिग्रेडची यादी करायचं ठरवलंय. नोंदीत नेमकं काय काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण लोक नावाच्या मागे लागतात आणि पत्ता विसरतात. नाव चुकलं तर दहा वर्षांनी कुणीतरी स्लाइड बघून दुरुस्त करेल, पण जागा लिहिलेली नसेल तर ती नोंद कायमची गेली.

गावाचं नाव एकटं लिहू नकोस, कोकणात एकाच नावाची गावं आणि वाड्या किती आहेत तुला माहीतच आहे, म्हणून वाडी, गाव, तालुका, जिल्हा असं पूर्ण. त्यासोबत मोबाईलवरून अक्षांश-रेखांश, दशांशात, पाच अंकांपर्यंत. आणि फोन अचूकता किती मीटर दाखवतोय तेही लिही, कारण दाट झाडीत, माडा-पोफळींच्या खाली फोन बराच चुकतो आणि पाच अंक लिहिले म्हणजे जागा तेवढी नेमकी झाली असं नसतं. उंचीसाठी फोनवर विसंबू नकोस, नकाशावरून घे.

मग शेवाळ कशावर होतं ते. हा भाग लोक एका शब्दात उरकतात आणि माझ्या मते कोकणात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पन्नास पावलांत तुला जांभ्याचा चिरा, सिमेंटची भिंत, मंगळुरी कौल, आंब्याचं खोड, विहिरीचा काठ आणि सड्यावरचा उघडा कातळ असं सगळं मिळतं, आणि या प्रत्येक जागी शेवाळ किती वेगाने वाळतं ते वेगळं आहे. टार्डिग्रेडच्या दृष्टीने वाळणं-भिजणं हेच तर सगळं आयुष्य! म्हणून कशावर, जमिनीपासून किती उंचीवर, सावलीत का उन्हात, घेताना ओलं का कोरडं, हे सगळं लिही. शेवाळाचाही एक तुकडा वेगळा ठेव, वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून त्याची ओळख नंतर करून घेता येईल.

तारीख आकड्यात पूर्ण लिही, ‘गणपतीनंतर’ असं नको. कुणी गोळा केलं, कुणी ओळखलं, ही दोन वेगळी नावं असू शकतात. नमुना कागदी पाकिटात घे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. पाकिटावर पेन्सिलने नंबर घाल, शाई ओलाव्याने पसरते, आणि तोच नंबर वहीत, फोटोत, स्लाइडवर सगळीकडे एकच ठेव. ज्या पाकिटात काहीच मिळालं नाही त्याचीही नोंद कर. मुलं ही नोंद सोडून देतात आणि मग शोधलं पण मिळालं नाही का शोधलंच नाही, हे पुढच्याला कळायला मार्गच राहत नाही.

नागरिकांच्या नोंदी घेणाऱ्या साइटवर टाकायचं असेल तर जरूर टाक, पण जीनसवर थांबून, आणि नखांचे, तोंडाचे, अंड्याचे फोटो वेगवेगळे दे. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय चिमूटभरही उचलू नकोस. आणि नमुना परदेशातल्या कुणाला पाठवायचा मोह झाला तर आधी कॉलेजच्या सरांना विचार, जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि त्याचे नियम आहेत. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे, नमुने जपून ठेवण्याबद्दल सरांमार्फत तिथे पत्र लिही.

समुद्रातही टार्डिग्रेड असतात म्हणे. आमच्या पुळणीवर मिळतील का आणि कसे शोधायचे?
– एक वाचक, मालवण

असतात, आणि मालवणकरांनी शोधायलाच हवेत असं मला अगदी मनापासून वाटतं. वाळूच्या कणांच्या मधल्या फटीत बॅटिलिपीस नावाचा जीनस राहतो, त्याच्या बोटांच्या टोकाला चकत्या असतात, त्याने तो कणाला धरून बसतो. तामिळनाडूतल्या मंडपमच्या किनाऱ्यावरून कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी याच्या दोन नव्या जाती शोधल्या, एकीला डॉ. कलामांचं नाव दिलं, बॅटिलिपीस कलामी, आणि दुसरीला चांद्रयानाचं. केरळच्या किनाऱ्यावरून त्यांनीच स्टायगार्क्टस केरलेन्सिस ही जात शोधली. म्हणजे हाच अरबी समुद्र, फक्त थोडा खाली!

पद्धत सोपी आहे. ओहोटीला, भरती आणि ओहोटीच्या रेषांमधली ओली वाळू बरणीत घ्या, घरी आणून तिच्यावर गोडं पाणी घालून मिनिटभर ढवळा, अचानक गोडं पाणी लागलं की ते कण सोडतात, मग वरचं पाणी लगेच बारीक जाळीतून गाळायचं, जाळीची भोकं साधारण 40 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जाळीवर उरलेलं पुन्हा समुद्राच्या पाण्यात घेऊन बघायचं. नोंदीत पाण्याच्या रेषेपासूनचं अंतर, किती खोलीवरून वाळू घेतली आणि वाळू जाड का बारीक हे लिहा. खडकाळ भागात असाल तर खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलच्या कवचांवरचा हिरवा थरही खरवडून बघा, एकिनिस्कॉइडीस नावाचा टार्डिग्रेड तिथला रहिवासी.

मी आठवीत आहे. आमच्या सड्यावर मे महिन्यात पाय ठेववत नाही एवढा कातळ तापतो. मग टार्डिग्रेड मरत नाहीत का?
– एक विद्यार्थी, राजापूर

छान विचारलंस. शेवाळ वाळलं की टार्डिग्रेड पाय आत घेतो, अंगातलं जवळपास सगळं पाणी जाऊ देतो आणि छोट्या पिंपासारखा होऊन पडून राहतो. 2020 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी रामाझोटियस नावाच्या टार्डिग्रेडवर प्रयोग केला, तर ओल्यात हिंडणाऱ्यांपैकी निम्मे साधारण 37 अंशात एका दिवसात मेले, पण वाळलेल्यांपैकी निम्मे मरायला एक दिवसभर 63 अंश लागले. म्हणजे कोरड्या उन्हापेक्षा ओलं आणि गरम हे त्याला जास्त घातक. 2007 मध्ये असे वाळवलेले टार्डिग्रेड अंतराळात उघड्यावर ठेवले होते, तिथल्या निर्वात पोकळीतूनही ते परत येऊन जिवंत झाले. तू असं कर, मे महिन्यात एक पाकीट आणि ऑगस्टमध्ये एक पाकीट, दोन्ही एकाच कातळावरून घे आणि किती हलणारे दिसतात ते मोज.

पोफळीच्या खोडावर शेवाळ वाढलंय, त्यात हे किडे असतील तर बागेला धोका आहे का? फवारणी करावी का?
– एक बागायतदार, दापोली

काही धोका नाही, फवारू नका. ते शेवाळातल्या पेशींचा रस, शैवाल, बारीक जीव यांच्यावर जगतात, पोफळीला हात लावत नाहीत.

तीन-चार वर्षांपूर्वी गोळा केलेल्या शेवाळाची पाकिटं कपाटात आहेत, त्यावर काही लिहिलेलं नाही. रत्नागिरीच्या आसपासचीच असावीत. वापरता येतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

भिजवून बघा, आतले अजून जिवंत निघू शकतात, अंटार्क्टिकातलं 1983 मध्ये गोळा करून गोठवून ठेवलेलं शेवाळ तीस वर्षांनी वितळवलं तेव्हा त्यातले टार्डिग्रेड हलायला लागले होते आणि एकीने अंडीही घातली. मुलांना दाखवायला, नखं-तोंड ओळखायचा सराव करायला ही पाकिटं उत्तम. पण नोंद म्हणून कुठेही पाठवू नका, ‘असावीत’ या शब्दावर नकाशात ठिपका टाकता येत नाही. जी जागा आठवतेय तिथे पुन्हा जा आणि नवीन पाकिटावर आजची तारीख घाला.