मर्यादा वाढवण्याआधी कोण अडवतंय ते बघा

तुम्ही विचारलंय: एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) यांच्या साइटवर मोबाइलचे मोठे फोटो चढत नाहीत, एररही दिसत नाही, उलट सगळं भरूनही फॉर्म ‘नाव टाका’ म्हणतो, मर्यादा किती वाढवू?

लक्षणावरूनच चोर सापडतोय. एन्जिनएक्सने अडवलं असतं तर ४१३ (‘पाठवलेलं फार मोठं’ असा एरर) दिसला असता. त्याची मूळ मर्यादा जेमतेम १ एमबी. पीएचपीची ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ (मूळ २ एमबी) आडवी आली तर फाइल नाकारली जाते, पण नाव-पत्ता पोचतो. सगळंच कोरं येतं ते ‘पोस्ट मॅक्स साइझ’मुळे, मूळ ८ एमबी. ती ओलांडली की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे (फॉर्ममधली माहिती आणि फाइली ज्यांत येतात त्या याद्या) रिकामे ठेवतं, आणि कोडला वाटतं माणसाने काही लिहिलंच नाही. तिन्ही वाढवा, एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा. कमांड लाइनची आयएनआय फाइल (पीएचपीच्या सेटिंग्जची) बऱ्याचदा वेगळी असते, तिच्यात बदल करत बसू नका. मी अख्खी दुपार घालवलीय.

आता आमच्याकडचा एक किस्सा, कारण तुम्हीही यात अडकाल. बेळगावात मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. खानापूर शाखेतून फोन आला, ‘सर, उतारा चढंना झालाय की ओ!’ फाइल अर्ध्या एमबीचीही नव्हती. सर्व्हरच्या टेम्प (तात्पुरत्या) फोल्डरपर्यंत नीट यायची, तिथून हलवताना पडायची. लॉग म्हणत होता, नाव फार लांब. क्लार्कबाईंनी स्कॅनला गाव, सर्व्हे नंबर, खातेदार, त्याचे वडील, सगळं मराठीत आणि पुढे कन्नडमध्येही लिहिलेलं! विंडोजने ते मुकाट्याने घेतलं. लिनक्सवर मात्र नावाला २५५ बाइट्स, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आपलं काय, कन्नडचं काय, प्रत्येक अक्षर ३ बाइट्स खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. नुसतं ‘खानापूर’ म्हणजे २१ बाइट्स. ८५ चिन्हांत खेळ खलास. तेव्हापासून डिस्कवर फाइल आकड्याच्या नावाने ठेवतो, बाईंचं नाव डेटाबेसात.

वेगाचं म्हणाल तर सर्व्हरवर फार डोकं घालू नका. पावसात खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे रेंज गेली की ६० सेकंद एकही बाइट येत नाही आणि एन्जिनएक्स ४०८ (‘वेळ संपली’चा एरर) देऊन मोकळा होतो. टाइमआउट थोडा वाढवला, पण खरा फरक पडला तो फोटो ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (ब्राउझरच्या चित्र काढायच्या सोयीवर) १६०० पिक्सेलपर्यंत लहान करून पाठवायला लागल्यावर. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर तेवढ्यातही स्वच्छ वाचता येतो.