विसरलेली तिथी

प्रश्न : ताई, माझं वय ६६, बँकेतून निवृत्त. थोरले भाऊ जाऊन चार वर्षं झाली. दादांचं श्राद्ध पुतण्या कोल्हापुरात घालतो, मी मिरजेहून फक्त जायचं. लागोपाठ दोन वर्षं तिथी साफ विसरलो. आई-वडिलांची कधी चुकली नाही, लाइट बिलाची तारीखसुद्धा नाही. मुलगी मानसशास्त्र शिकते. म्हणाली, ''बाबा, हे विसरणं नाही, काकांवरचा राग आहे. फ्रॉइड वाचा.'' तेव्हापासून झोप नाही. माझ्या मनात दादांविषयी अढी असेल का?

उत्तर : मुलीला सांगा, आधी तू वाच, आणि पुरता वाच!

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानं स्वतःचंच एक विसरणं १८९८ साली छापून टाकलं. हर्झेगोव्हिनाच्या वाटेवर सहप्रवाशाशी बोलताना इटलीतल्या ओर्व्हिएतोच्या भित्तिचित्रांचा विषय निघाला आणि चित्रकार सिन्योरेल्लीचं नाव काही केल्या आठवेना. ओठांवर येत होते दुसरेच चित्रकार, बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफ्फिओ. आता गंमत बघा. त्याचा सिन्योरेल्लीवर राग नव्हता. जरा आधी बोस्नियातल्या तुर्कांच्या गोष्टी चालल्या होत्या. मृत्यू आणि कामसुख यांविषयीची एक गोष्ट त्यानं अनोळखी माणसासमोर गिळली. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्राफॉय गावी असताना एका रुग्णाच्या आत्महत्येची बातमी कळली होती, तीही आत सलत होती. गिळलेल्या गोष्टीनं शेजारचं नाव सोबत ओढून नेलं, असं त्याचं म्हणणं. गोष्टीतले तुर्क डॉक्टरला 'हेर' म्हणत, म्हणजे जर्मनमध्ये 'साहेब'. त्यालाच इटालियनमध्ये म्हणतात 'सिन्योर', आणि तोच सिन्योरेल्लीत! बोल्त्राफ्फिओत तर त्राफॉयच लपलेलं!

म्हणजे जे विसरलं, ते बिचारं निर्दोष असू शकतं. दडपलेलं असतं ते त्याच्या शेजारचं.

मला विचाराल तर हेर-सिन्योरची साखळी जरा फारच सुबक आहे. इटलीच्या तिंपानारो या भाषापंडितानं १९७४ साली तिला चांगलंच धारेवर धरलं : जुन्या पोथ्या उतरवणारेसुद्धा कमी माहितीचं नाव सोडून ओळखीचं लिहून जातात, त्यात अबोध मन कशाला हवं? तुमच्याही बाबतीत साधं कारण आहे. आई-वडिलांचं श्राद्ध तुम्ही स्वतः घालता, दादांचं दुसरा घालतो. त्यात तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेवरून सरकते. लाइट बिल नाही सरकत.

तरी दोनदा चुकलं आणि झोप उडाली, म्हणून विचारते : दादा गेले तेव्हा किती वर्षांचे होते? तुम्ही त्या वयाच्या जवळ आलात का? की त्या घरातलं दुसरंच काही नकोसं वाटतं? माझं वाईचं माहेर विकायचं ठरलं तेव्हा मी कागदपत्रं दोनदा घरी विसरले. भावावर राग नव्हता. आईची चूल दुसऱ्याच्या हाती जाणार, ते बघायचं नव्हतं. हे माझं मला पंधरा दिवसांनी कळलं. कुणी सांगितलं असतं तर भांडले असते.

कोऱ्या कागदावर 'दादा' लिहा आणि पुढं सुचेल ते, खाडाखोड न करता, लिहीत जा. जिथं पेन थांबेल आणि चहा आठवेल, तिथं थोडं थांबा. कागद मुलीला दाखवू नका.

पुतण्याला मात्र आजच फोन करा. तो दोन्ही वर्षं पान वाढून वाट बघत बसला असेल.