मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरेल का, हे जनुकांच्या अभिव्यक्तीवरून आधी कळते का?

एकेका रुग्णापुरते खात्रीने कळत नाही. मूळ गाठीतील आणि यकृतातील गाठीतील प्रमुख उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएमधील बदल, बहुधा सारखीच निघतात, त्यामुळे संशोधकांची सारी भिस्त अभिव्यक्तीवर, म्हणजे कोणते जनुक किती आरएनए (त्याची कामचलाऊ नक्कल) तयार करते यावर असते. आणि फसगतही तिथेच होते.

संशोधन करत असताना मी एकाच रुग्णाच्या दोन्ही गाठींची तुलना करत होते. यकृतातील गाठीत वाढलेल्या जनुकांच्या यादीत सर्वांत वर अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन, म्हणजे एरवी यकृतपेशी बनवतात त्या प्रथिनांची जनुके आली. आमचे मार्गदर्शक हरखून गेले. कर्करोगाच्या पेशी यकृतात तग धरण्यासाठी यकृताचे सोंग घेतात, असे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकले. तुकडा कापताना काठचे निरोगी यकृत सोबत आले असेल, ही माझी शंका त्यांना निव्वळ खोडसाळपणा वाटली. मी काचपट्ट्या मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. कर्करोगाच्या गर्द निळ्या केंद्रकांच्या वेड्यावाकड्या ग्रंथींना लागूनच गुलाबी, बहुकोनी यकृतपेशींचे सरळ पट्टे होते आणि ज्या नमुन्यांत ते रुंद होते, त्यांतच अल्ब्युमिन भरमसाट होते. ते नमुने वगळताच यादीचा वरचा भाग गळून पडला. मसुद्यात मात्र सोंगाचा परिच्छेद कायम राहिला आणि माझ्या काचपट्ट्यांची बोळवण ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ या वाक्याने झाली.

ही चूक केवळ आमच्यापुरती नव्हती. 2015 मध्ये या कर्करोगाचे अभिव्यक्तीनुसार चार उपप्रकार मांडले गेले आणि त्यांतील चौथा सर्वांत वाईट भवितव्याचा ठरला. पण त्याची ओळख पटवणारी बरीचशी जनुके कर्करोगाच्या पेशींची नसून भोवतीच्या तंतुजनक (आधार देणारे तंतू बनवणाऱ्या) पेशींची आहेत, हे त्याच वर्षी इतर गटांनी दाखवले. म्हणून ‘यकृतात पसरवणारे जनुक सापडले’ असे वाचाल, तेव्हा नमुन्यात नेमक्या कोणाच्या पेशी होत्या आणि काचपट्टी कोणी पाहिली होती का, हे आधी शोधा.

अर्थात, 2001 पासून चर्चेत असलेले पीआरएल-3 या जनुकासारखे यकृतातील प्रसाराशी जोडले गेलेले दुवे मी निकालात काढत नाही, आणि एकेका पेशीचा आरएनए वाचणाऱ्या तंत्राने सोंगाची कल्पनाही उद्या काही अंशी खरी ठरू शकेल. तसेच डॉक्टरांनी सांगितलेल्या रास आणि बीआरएएफ या जनुकांच्या तपासण्या टाळू नका. त्या डीएनएमधील बदलांच्या असतात आणि औषध त्यांवरून ठरते.