ब्रॉडगेजचं इंजिन, एचओचे रूळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॉडेल रेल्वेसाठी १:८७ मापात डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन करतो आहे. खालचा सांगाडा आणि मोटर अमेरिकन मॉडेलची तयार घेतली, वरची बॉडी १ मिमी स्टायरिन या प्लॅस्टिकच्या शीटमधून कापली. चालतं झकास, पण समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. माप कुठे चुकलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं माप बरोबर आहे, रूळ मात्र दुसऱ्या गेजचे, म्हणजे रुळांमधल्या वेगळ्या अंतराचे आहेत. एचओचे, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलचे, १६.५ मिमीचे रूळ १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी ठरवलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. त्याला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. म्हणजे तुमची चाकं दोन्ही बाजू मिळून पावणेतीन मिमी आत आहेत. खऱ्या इंजिनात हा फरक २४१ मिमी, चांगला वीतभर होतो. डोळ्याला तो खुपणारच.

रूळ १९.३ मिमीवर न्यायचे तर आस नवे, प्रत्येक पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) हाताने बांधायचा आणि पुढे घ्याल त्या प्रत्येक डब्याची चाकं बदलायची. काचेच्या पेटीत ठेवायच्या एका इंजिनासाठी हे जरूर करा. दुसरी वाट म्हणजे सगळं १:१०१.६ मापात करणं. तिथे १६.५ मिमी अचूक बसतात, पण त्या मापाच्या इमारती, मोटारी, माणसं तयार मिळत नाहीत. गाडी चालवायची असेल तर १६.५ वरच राहावं आणि नजर दुसरीकडे वळवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ते असं करा. बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या, साइडफ्रेम (बाजूच्या चौकटी) सांगाड्यावर आहेत तिथे ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर भारतीय ड्रॉइंगवरून काढा आणि फ्रेममागे स्टायरिनच्या पट्ट्या लावून तेवढं आणा. साधारण १ ते १.५ मिमीची पट्टी दर बाजूला लागते. बोगी वळताना फ्रेम पायऱ्यांना घासत नाही ना, ते बॉडी बसवून तपासा. चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यात ब्रेकशू बसवा. ते प्लॅस्टिकच्या काडीचेच हवेत. पितळी तारेचे केले आणि दोन्हीकडच्या चाकांना टेकले की थेट शॉर्टसर्किट. शेवटी चाकाचा दर्शनी भाग मॅट काळपट तपकिरी रंगवा, रुळावर टेकणारी धाव तेवढी सोडा. चकाकणारी कडच आधी नजरेत भरते; ती विझली की निम्मं काम झालं.

बाकीची मापं पडताळून घ्या. लांबी १५,८६२ मिमी म्हणजे १८२, रुंदी २,८६४ म्हणजे ३३, उंची ४,१८५ म्हणजे ४८ मिमी. उंची रुळाच्या माथ्यापासून मोजायची, सांगाड्यापासून नाही. आणि या इंजिनाच्या बोगीत मधलं चाक बरोबर मध्यावर नसतं. समान अंतराच्या चाकांची बोगी घेतली असेल तर ती आधी बदला. गेजची तडजोड चालवून घेता येते, ही नाही.

प्रश्न : दहा बाय दहाच्या खोलीत ८ बाय ४ फुटांचा प्लायवुड मावतो. त्यावर एचओमध्ये १२ डब्यांची लोकल गोल फिरवता येईल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. लोकलचा एक डबा जोडणीसह २४५ मिमीच्या आसपास येतो. बारा डबे म्हणजे २.९४ मीटर, आणि तुमची फळी लांबीला २.४४ मीटर. गाडी फळीहून लांब, निम्मा गोल तीच व्यापेल.

खरी अडचण वळणाची आहे. चार फूट रुंदीत जास्तीत जास्त ५५९ मिमी त्रिज्या बसते. त्या वळणावर डब्याचा मध्य सव्वासहा मिमी आत आणि टोकं तेवढीच बाहेर सरकतात. आपली लोकल मुळात रुंद, ३,६५८ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ४२. शेजारच्या दोन गाड्या वळणावर न घासण्यासाठी ४२ अधिक साडेबारा म्हणजे साडेचोपन्न मिमी लागतातच, वर मोकळी जागा वेगळी. खऱ्या दोन मार्गांच्या मध्यांमधलं ४,७२५ मिमीचं अंतर मॉडेलमध्ये ५४ मिमी होतं. सरळ भागात ते ठेवा, वळणावर ६० च्या खाली येऊ नका.

आमचा सल्ला असा की गोल विसरा आणि भिंतीलगत फूटभर रुंदीची, दहा फूट लांब फळी टाका. एका टोकाला टर्मिनस, दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या कपाटामागे लपलेलं यार्ड. चार डब्यांची गाडी मीटरभरात मावते आणि येणं-जाणं, फलाट बदलणं हे मुंबईच्या टर्मिनसचं खरं कामकाज करता येतं. बारा डब्यांचाच हट्ट असेल तर एन स्केल घ्या. १:१६० मध्ये पूर्ण गाडी १.६ मीटरची होते.

प्रश्न : जून लागला की इंजिनं अडखळतात. रुळांवर काळा थर येतो. पॉलिश पेपरने घासतो, आठवडाभर बरं चालतं, पुन्हा तेच.
– एक वाचक, वसई

उत्तर : पॉलिश पेपर आजच बंद करा. त्याने पडलेल्या बारीक चरांतच पुढचा मळ बसतो, म्हणून तुमचा आठवडा. काळा थर म्हणजे चाक आणि रूळ यांच्यातल्या सूक्ष्म ठिणग्यांची काजळी, तेल आणि धूळ. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. रूळ पोलादी असून गंजत असतील तर पुसण्यात वेळ घालवू नका, निकेल सिल्व्हरचे घ्या.

चाकं तशीच ठेवली तर रूळ पुसणं व्यर्थ आहे. अल्कोहोलने ओला केलेला टिश्यू रुळांवर आडवा टाका. इंजिनाची एक बोगी टिश्यूवर, दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि वीज द्या. टिश्यूवरची चाकं जागीच फिरतात आणि दोन काळ्या रेघा उमटतात. मग टोकं बदला. रबरी टायरची चाकं असतील तर दोन-चार सेकंदच फिरवा.

तरीही ठराविक जागीच अडखळत असेल तर सांधे बघा. रेल जॉइनर रूळ धरायला असतात, वीज न्यायला त्यांच्यावर विसंबू नये. मल्टीमीटर त्या जागी लावा, पण इंजिन चालत असताना. नुसत्या रुळावर १२ व्होल्टच दिसतील आणि तुम्ही फसाल. भार आल्यावर ९ वर घसरले तर सांधा गेलेला आहे. खाली १.५ चौ. मिमीची मुख्य वायर फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून ०.५ ची फांदी डाखा. डाखताना जोडाच्या दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे लावा, नाहीतर स्लीपर वितळतात. डाख चकचकीत दिसली की जोड पक्का; मातकट, गोळी झालेली असेल तर काढून पुन्हा करा.

फळी एमडीएफची असेल तर ती वसईच्या हवेत फुगणारच. १२ मिमी मरीन प्लाय, दोन्ही बाजू आणि विशेषतः कापलेल्या कडा रंगाने बंद केलेल्या, हाच उपाय.

प्रश्न : कर्जत-लोणावळा घाट करायचा आहे. चढ किती ठेवू?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : खरा चढ १:३७, म्हणजे मीटरला २७ मिमी. मॉडेलमध्ये तो तसाच ठेवता येतो. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर ओव्हरहेड वायर धरून रुळापासून रुळापर्यंत ८० मिमी हवेत, त्यासाठी जवळजवळ तीन मीटर धाव लागते. चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वळवा, एकदम मोडलं तर कपलिंग सुटतात. मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लावणार असाल तर दोन्ही इंजिनं आधी एकटी पळवून वेग जुळवा. मागचं जरासंही जलद असलं की वळणावर मधले हलके डबे बाहेर फेकले जातात.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रेने रंगवलेल्या बॉडीवर पांढुरकी साय येते.
– एक वाचक, परळ

उत्तर : थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते. लॅकर रंगांत हे फार होतं. उशिरा उडणारा थिनर घ्या, एसीच्या कोरड्या खोलीत बॉडी आणि रंग तासभर आधी ठेवा, थर पातळ द्या. आलेली साय खरवडू नका. त्याच मंद थिनरचा नुसता हलका फवारा मारला तर बहुतेक वेळा ती विरघळून रंग पुन्हा खुलतो.